समीक्षेचे सोवळे आणि घरातला प्रेक्षक

१

जुना चित्रपट किंवा दूरचित्रवाणी मालिकेचा एखादा भाग घरी बसून पाहणारा माणूस त्याविषयी जे बोलतो, त्याला आपण ‘अभिप्राय’ म्हणतो. तेच वाक्य महोत्सवातून बाहेर पडणाऱ्याने उच्चारले तर ते ‘रसग्रहण’ होते, आणि नियतकालिकात छापले गेले की ‘समीक्षा’. या तीन नावांमधील फरक विधानाच्या आशयावरून ठरलेला नाही, युक्तिवादाच्या बळावरून तर नाहीच. पाहणारा कोठे बसला होता, यावरून तो ठरलेला आहे. स्थानावरून अधिकार ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाला अपरिचित नाही. तिला आपल्याकडे ‘सोवळे’ असा जुना शब्द आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख या सोवळ्यावर आहे. त्याचबरोबर, सोवळे मोडले म्हणजे निकषही मोडले आणि आता ज्याला जे वाटेल तेच त्याचे सत्य, असे मानणाऱ्या अलीकडच्या उदारपणावरही तो आहे. या दोन भूमिका परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचा परिणाम एकच होतो. घरातल्या प्रेक्षकाशी वाद घालण्याची गरज दोन्हींमुळे संपते. पहिली भूमिका त्याला उंबरठ्याच्या आत येऊ देत नाही. दुसरी त्याची पाठ थोपटून त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठविते.

वस्तुस्थिती अशी आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या दोन दशकांत मराठी घरांनी शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट पाहिले. ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय प्रसारणात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह येऊ लागले. त्यानंतर व्हिडिओ कॅसेट आली, तबकडी आली, आणि आता तर मोबाइलच्या पडद्यावरही बर्गमन पाहता येतो. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ पासून आहे, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु चंद्रपूर, उदगीर किंवा सावंतवाडी येथील ज्या प्राध्यापकाला, कारकुनाला, गृहिणीला ‘पथेर पांचाली’ पाहावयाचा होता, त्यांच्यापुढे चित्रपटगृह हा पर्याय बहुधा नव्हताच. अभिजात चित्रपटांशी महाराष्ट्राचा जो परिचय झाला, त्यातील फार मोठा भाग घरात झाला आहे.

आणि आपले समीक्षक? तेही घरीच पाहतात. पन्नास किंवा साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटातील एखाद्या दृश्याचे पाचपंधरा चौकटींपर्यंतचे सूक्ष्म वर्णन आज ज्या लेखात आढळते, तो लेखक दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून लिहितो आहे हे उघड आहे. एकदाच्या प्रदर्शनात, अंधारात, असे वर्णन टिपून घेणे माणसाच्या स्मरणशक्तीला सहसा पेलत नाही. पण लेखाची भाषा मात्र अंधाऱ्या प्रेक्षागृहाची असते: ‘प्रेक्षक स्तब्ध होतो’, ‘प्रेक्षागृहात शांतता पसरते’. कोणते प्रेक्षागृह? समीक्षक दिवाणखान्यात बसून काम करतो आणि सोवळे नेसून लिहितो. माझी तक्रार त्याच्या दिवाणखान्याबद्दल नाही, ती या लपवाछपवीबद्दल आहे.

२

विरोधी पक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडल्याशिवाय त्याचे खंडन करू नये. सूझन सोन्टॅग यांनी १९९६ मध्ये चित्रपटकलेच्या ऱ्हासावर लिहिताना असे प्रतिपादन केले होते की, थोर चित्रपट केवळ दूरचित्रवाणीवर पाहणे म्हणजे तो खऱ्या अर्थाने पाहणेच नव्हे. त्यांच्या मते प्रश्न केवळ प्रतिमेच्या आकाराचा नव्हता. अंधारात, अनोळखी माणसांमध्ये बसून प्रतिमेच्या स्वाधीन होण्याची वृत्तीच घरात संभवत नाही, असे त्यांना म्हणावयाचे होते. जॉन एलिस यांनी १९८२ मध्ये चित्रपटगृहातील एकटक पाहणे आणि घरातील ओझरते पाहणे असा भेद केला, तो याच जातीचा आहे.

परंतु या भूमिकेचा खरा पाठीराखा आपल्या परंपरेतच आहे. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांपैकी दोन येथे थेट लागू पडतात. एक ‘निजसुखादिविवशीभाव’: प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेला असेल, तर त्याचे चित्त दुसऱ्या वस्तूत विश्रांत कसे होणार? या विघ्नाच्या निरसनासाठी वाद्ये, गायन आणि शोभिवंत नाट्यमंडप यांची योजना असते, असे तो म्हणतो. दुसरे ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांतच उणीव असणे. घर हे पहिल्या विघ्नाचे माहेर आहे आणि लहान पडदा हे दुसऱ्याचे. शेगडीवर दूध आहे, दाराची घंटा वाजते आहे, मुलाचा अभ्यास राहिला आहे. अशा मनाला साधारणीकरण कोठून साधणार?

हा आक्षेप गंभीर आहे, तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि तो मान्य करणाऱ्याने त्याची पूर्ण किंमत मोजली पाहिजे. अभिनवगुप्ताने काव्याच्या वाचकाला रसास्वाद नाकारलेला नाही. नाट्यात सामग्रीची विपुलता असते, काव्यात ती सहृदयाने आपल्या अभ्यासाने आणि कल्पनेने पुरवावयाची असते, एवढाच भेद आहे. म्हणजे मंडप हे विघ्ननिरसनाचे साधन आहे, अधिकाराची अट नव्हे. जो सहृदय मुक्तकाच्या चार ओळींवरून समग्र प्रसंग मनात उभा करतो, तो एकवीस इंची पडद्यावरून दृश्य उभे करू शकणार नाही, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे?

साहित्याच्या समीक्षकाला तर हा आक्षेप घेण्याचा मुळीच अधिकार नाही. कादंबरी घरीच वाचली जाते. ती अंथरुणावर, लोकलच्या डब्यात, दुपारच्या भांड्यांनंतर, तुकड्यातुकड्यांनी वाचली जाते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. एका अंकात एक तुकडा, मग आठवडाभराचा खंड, आणि त्या खंडात यमूच्या नशिबाविषयी घरोघरी चालणारे तर्कवितर्क, ही त्या कादंबरीच्या वाचनाची मूळ रीत होय. दूरचित्रवाणी मालिकेचा भाग आणि ‘करमणूक’मधला हप्ता यांत रीतीचा फरक कोणता आहे? हरिभाऊंच्या वाचकाला आपण आधुनिक मराठी वाचनसंस्कृतीचा आद्य वाचक म्हणून गौरवितो आणि मालिकेच्या प्रेक्षकाला ‘फावल्या वेळचा’ म्हणतो. एकाच सवयीला दोन मापे लावणाऱ्या समीक्षेने निदान आपण मापे वापरतो असा दावा तरी करू नये.

३

घरातल्या पाहण्याला विघ्ने आहेत, त्याचप्रमाणे त्याची स्वतःची ज्ञानसाधनेही आहेत. त्यांपैकी पहिले पुनर्दर्शन. जब्बार पटेल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर लिखित ‘सामना’ (१९७५) पाहा. प्रथम पाहताना मारुती कांबळेविषयीचा मास्तरांचा प्रश्न हा रहस्यकथेतला प्रश्न असतो. आपणही उत्तराची वाट पाहत असतो, आणि हिंदुराव धोंडे पाटलांच्या साम्राज्याला तो केव्हा तडा देतो याकडे डोळे लावून बसतो. तिसऱ्या किंवा चौथ्या वेळी उत्तर ठाऊक असते. तेव्हा प्रश्नाचा रोख बदलतो. मारुतीचे काय झाले याऐवजी मास्तरांचे काय झाले, हे आपण विचारू लागतो. हा म्हातारा, दारूने खिळखिळा झालेला स्वातंत्र्यसैनिक हा एकच प्रश्न का धरून बसला आहे? स्वतःच्या आयुष्यातील कोणती पडझड तो या प्रश्नाने सावरू पाहतो आहे? श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यातील ‘जुगलबंदी’ हा या चित्रपटाविषयीचा ठरीव शब्द प्रथम दर्शनातून आलेला आहे. पुनर्दर्शनाला तो पुरत नाही. कारण तेथे दोन मल्लांऐवजी एकाच स्वातंत्र्याची दोन अपत्ये समोरासमोर बसलेली दिसतात.

दुसरे साधन अधिक वादग्रस्त आहे: घर स्वतःच. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि ‘रडविणारा’ व ‘संस्कार करणारा’ या दोन विशेषणांत मराठी समीक्षेने त्याला बंद करून ठेवले. त्यातला पायांना माती लागू नये म्हणून आईने आपले ओले वस्त्र दगडावर पसरण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पाय जपतोस तसे मन जप, हा त्याचा बोध. हा बोध प्रेक्षागृहात एखाद्या सुभाषितासारखा तेजाळतो. परंतु धुण्याचा पिळा नुकताच दोरीवर टाकून येऊन बसलेल्या बाईला तेथे दुसरे काही दिसणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या वस्त्रावर मुलाचा स्वच्छ पाय पडला, ते वस्त्र पुन्हा कोण धुणार? मुलाची नीती आईच्या श्रमांवर पाय देऊन उभी राहते आहे. हा अभिप्राय चित्रपटाबाहेरून आणलेला नाही. दगड, ओले वस्त्र आणि पाऊल ही तिन्ही चित्रपटातच आहेत. फक्त ती एकत्र पाहण्यासाठी जी नजर लागते, ती न्हाणीघरात घडलेली आहे. अशा नजरेला ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणून बाजूला सारणे म्हणजे कलाकृतीतील एक खरा अर्थ बाजूला सारणे होय.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यसंकल्पनेला दोन ध्रुव आहेत असे दाखवून दिले: एक कलेच्या स्वायत्ततेचा, दुसरा तिच्या लौकिक जीवनाशी असलेल्या नात्याचा. दोहोंपैकी एकच धरून बसल्यास आपला प्रत्यक्ष कलाव्यवहार समजत नाही, ही त्या विवेचनाची शिकवण आहे. प्रेक्षागृहाचा अंधार पहिल्या ध्रुवाला अनुकूल, घरातला उजेड दुसऱ्याला. तेव्हा घरातल्या प्रेक्षकाला वगळणे हा अभिरुचीचा नव्हे, सिद्धांताचा दोष ठरतो.

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ मध्ये केलेला ‘सद्गति’ या दृष्टीने निर्णायक आहे. प्रेमचंदांच्या कथेतला दुखी चांभार पंडिताच्या अंगणात लाकूड फोडता फोडता मरतो. प्रेताला स्पर्श करावा लागू नये म्हणून पंडित त्याच्या पायात दोर अडकवून ते ओढत नेतो आणि परत येऊन जागेवर पाणी शिंपडतो. ही कलाकृती अंगणाविषयी आहे, उंबरठ्याविषयी आहे, कोण कोठपर्यंत येऊ शकतो याविषयी आहे. चित्रपटगृहात ते अंगण दुसऱ्याचे राहते. घरात पाहताना मात्र पडद्यातल्या उंबरठ्यापासून चार हातांवर आपला स्वतःचा उंबरठा असतो. कामवालीचा वेगळा कप जर त्या घरात असेल, तर तोही तेथेच कोठेतरी असतो. अशा वेळी स्वतःच्या जगण्याची जाणीव हे विघ्न की प्रतीतीचे साधन? आनंद हाच कलास्वादाचा एकमेव निकष मानता येणार नाही, हे शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या पुस्तकात सांगितले आहे. ‘सद्गति’ पाहून ज्याचे चित्त विश्रांत झाले, त्याने तो पाहिला असे म्हणणे कठीण आहे. अस्वस्थ होऊन जो मध्येच उठून गेला, त्याने कदाचित तो अधिक पाहिला.

४

आता दुसऱ्या आघाडीकडे वळू. लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये केली, वाचकाचा प्रतिसाद हा सैद्धांतिक विषय झाला, आणि या साऱ्याचा आपल्याकडे सोयीस्कर असा एक निष्कर्ष काढण्यात आला: प्रत्येकाचा अनुभव वेगळा, तेव्हा प्रत्येकाचे मत तितकेच ग्राह्य. हा निष्कर्ष त्या सिद्धांतांतून निघत नाही. स्टॅन्ली फिश यांचा व्याख्याकारांचा समुदाय हा तर अर्थावर बंधन घालणाराच घटक आहे. पण समानतेची ही स्वस्त आवृत्ती लोकप्रिय झाली, कारण तिच्यात कोणालाच काही सिद्ध करावे लागत नाही. पाचपैकी किती तारे, ‘जमले’ की ‘फसले’, एवढ्यावर व्यवहार आटोपतो. ज्याला आपण चूक ठरू शकतो असे मानले जात नाही, त्याला आपण गंभीरपणेही घेतलेले नसते. घरातल्या प्रेक्षकाला मान द्यावयाचा असेल, तर त्याला चुकण्याचा अधिकारही दिला पाहिजे.

त्याची सर्वांत मोठी चूक बहुधा अभिरुचीची नसते, ती पाठाची असते. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. या पद्धतीच्या चौकटीची रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असते. जुन्या दूरचित्रवाणी संचाची १.३३ पट. असा चित्रपट त्या संचावर कडेपर्यंत भरून दाखवावयाचा, तर प्रतिमेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागतो. व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत, वरून येणाऱ्या प्रकाशझोताच्या दोन बाजूंना उभी केलेली दोन माणसे आठवावीत. त्यांच्यामधले अंतर हाच तेथे आशय आहे. कापलेल्या प्रतीत एक तर अंतर उरत नाही किंवा माणूस उरत नाही. तशा प्रतीवरून जो म्हणेल की हा चित्रपट कोंदट आहे, तो आपल्या अनुभवाविषयी खरे बोलतो आणि चित्रपटाविषयी खोटे. अभिनवगुप्ताचे ‘प्रतीत्युपायवैकल्य’ ते हेच.

मराठी अभ्यासकाला ही अडचण नवी वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती प्रचलित पाठ बिघडलेले दिसले म्हणून. भक्ती असली तरी पाठ पाहावा लागतो, हा संस्कार आपल्याकडे चारशेहून अधिक वर्षांचा आहे. तो चित्रपटाला लावताच एक गंमत लक्षात येते. मूळ पाठ नेहमी चित्रपटगृहातच असतो, ही समजूत टिकत नाही. इंगमार बर्गमन यांची ‘सीन्स फ्रॉम अ मॅरेज’ ही १९७३ मधील सहा भागांची, पाच तासांच्या आसपासची दूरचित्रवाणी मालिका आहे. चित्रपटगृहांत गेला तो तिचा तीन तासांहून कमी लांबीचा संक्षेप. ‘फॅनी अँड अलेक्झांडर’चीही दूरचित्रवाणी आवृत्तीच पाच तासांहून मोठी आहे, चित्रपटगृहातली बरीच लहान. या कलाकृतींचा पूर्ण पाठ घरातल्या प्रेक्षकाकडे आहे, आणि खंडित पाठ महोत्सवातल्या रसिकाकडे. क्षिश्तॉफ किश्लॉवस्की यांच्या पोलिश दूरचित्रवाणीसाठी केलेल्या दहा भागांच्या ‘डेकालॉग’मध्ये उलट घडते. त्यातील पाचव्या आणि सहाव्या भागांची दीर्घ रूपे १९८८ मध्ये स्वतंत्र चित्रपट म्हणून आली. तेथे कोणता पाठ प्रमाण, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. ‘पथेर पांचाली’च्या मूळ निगेटिव्हची १९९३ मध्ये लंडनच्या आगीत हानी झाली, आणि २०१५ मध्ये त्याची पुनरुज्जीवित आवृत्ती आली. ही आवृत्ती चांगल्या पडद्यावर घरी पाहणारा आज जे तपशील पाहतो, ते फिल्म सोसायटीच्या ओरखडलेल्या सोळा मिलिमीटर प्रतीवर पाहणाऱ्याला दिसले असतीलच असे नाही. ‘आम्ही तो पडद्यावर पाहिला आहे’ या वाक्यातला अभिमान मला समजतो. त्यातला पुरावा मात्र समजत नाही.

५

या वादात नुसत्या शिष्टाचाराहून अधिक काही पणाला लागले आहे, हे ‘तमस’च्या प्रकरणावरून दिसते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर भागशः दाखविली जाऊ लागली आणि तिचे प्रसारण थांबवावे म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. बंदीच्या मागणीमागचे गृहीतक घरातल्या प्रेक्षकाविषयीच होते: हा प्रेक्षक भाबडा आहे, फाळणीची हिंसा दिवाणखान्यात शिरली तर तो भडकेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि ती दाखविण्यास हरकत घेतली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी बंदीची मागणी फेटाळली. तसे करताना नागपूर उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी सांगितलेला जुना निकष पुढे ठेवण्यात आला: शब्दांचा परिणाम दुबळ्या आणि दोलायमान मनांच्या मापाने मोजावयाचा नाही, विवेकी, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने मोजावयाचा.

या प्रकरणात न्यायसंस्थेने घरातल्या प्रेक्षकाला प्रौढ मानले. आपल्या समीक्षेने अद्याप मानलेले नाही. ‘मालिकांचा प्रेक्षक’ हा तिच्या लेखी एक समूहवाचक नाम आहे, सर्वेक्षणाचा विषय आहे, फार तर चिंतेचा विषय आहे. वादातला प्रतिपक्ष नाही. बंदी मागणारा आणि समीक्षक यांचे हेतू वेगळे असतील, पण त्यांच्या मनातले प्रेक्षकाचे चित्र एकच आहे. ज्या समाजात समीक्षाच प्रेक्षकाला मूल समजते, तेथे उद्या त्याच्या वतीने कात्री चालविणारा आला तर त्याला कोणत्या तोंडाने अडवावयाचे?

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती दोन्ही बाजूंना आहे. समीक्षकाने आपण कलाकृती कोठे, कोणत्या प्रतीत, कितव्यांदा पाहिली हे लिहावे. संशोधक हस्तलिखिताचा निर्देश करतो, तितक्याच सहजपणे करावे, त्यात कमीपणा मानू नये. घरातल्या प्रेक्षकाने ‘मला आवडले’ या वाक्यानंतर पूर्णविराम देऊ नये. कोणत्या दृश्यात, कशामुळे, आणि उलट मत असलेल्याला तो काय दाखवील, इतके त्याने सांगावे. आणि नियतकालिकांनी अशा लेखनाला वाचकांच्या पत्रव्यवहारातून काढून मुख्य पानांवर आणावे, तेथे त्याला इतर लेखनाइतकेच कठोरपणे तपासावे, चुकले तर चुकले म्हणून सांगावे. ओल्या वस्त्राविषयीचा तो अभिप्राय खरा की खोटा, याचा निर्णय वस्त्र, दगड आणि पाऊल पाहूनच होऊ शकतो. बोलणारी कोठे बसली होती, हा प्रश्न त्या निर्णयात येत नाही. तो विचारणे ज्या दिवशी आपण थांबवू, त्या दिवशी चित्रपटाची मराठी समीक्षा ओवळी झालेली नसेल. ती जाणती झालेली असेल.